पोस्टरच्या कोपऱ्यातला माणूस

"शर्ट काढ अन् पूस."

आबा एवढंच बोलले. ओरडून नाही. आबा कधी ओरडायचे नाहीत, त्यांना गरज पडायची नाही. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, हातात चहाची बशी. पुढं अंगणात त्यांची मोटार. लांब, पांढरी, गोल पाठीची. चौसाळ्याच्या अलीकडं रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. गावात तेव्हा ती एकच चारचाकी, म्हणून तिला दुसरं नाव नव्हतं. मोटार म्हटलं की आबांचीच.

दसऱ्याचा दिवस. मी नऊ वर्षांचा. दसरा म्हणजे आमच्या वस्तीला दीक्षेचा दिवस. सगळे पांढरी कापडं घालायचे, निळ्या झेंड्यापाशी वंदना व्हायची. मायनं मला पांढरा शर्ट शिवून घेतलता. त्याआधी अंगावर जे आलं ते कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं.

बाप मात्र सकाळपासून आबांच्या अंगणात. दसऱ्याला मोटारीची पूजा असायची. पूजेआधी मोटार धुवायची ती माझ्या बापानं. पूजा झाली की त्या दिवशी पुन्हा तिला हात लावायचा नाही, तोही माझ्या बापानंच. तीच मोटार, तोच हात. मधे फक्त हळदकुंकू.

मी त्याला वंदनेला बोलवायला गेलतो. बाप हापशावर बादली भरत होता. मोटार आदल्या दिवशी बीडहून आलेली, धुळीनं भरलेली. तिची मागची गोल पाठ म्हणजे माझ्यासाठी पाटीच. मी बोटानं बापाचं चित्र काढलं. डोक्याला पटका, हातात बादली. खाली नाव लिहिलं. किसनराव. आबांच्या दारावर पाटी होती, त्यांच्या नावाला राव लावलेलं होतं. मला वाटलं, मोठ्या माणसाचं नाव असंच लिहितात.

आबांचा थोरला पोरगा तात्या तेव्हा कॉलेजात जायचा. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. ओट्यावर बसलेले सगळे हसले. पोटं धरून हसले. त्यातलं कुणीतरी म्हणालं, "किसन्या, तू कवा राव झालास बे?"

बाप बादली घेऊन उभा. पाणी डुचमळून त्याच्या पायावर सांडत होतं. तो हसला नाही. मान खाली घातली.

मग आबा ते बोलले.

मी बापाकडं बघितलं. बाप म्हणाला, "पूस बाळा."

मी शर्ट काढला. आधी नाव पुसलं, मग बादली, मग पटका. धूळ लगेच निघते. चार हात मारले की बाप गेला. तेवढ्यावर भागलं नाही, अख्खी मोटार पुसायला लावली. चाकांपर्यंत. मग तोच मातकट शर्ट घालून मी पांढऱ्या रांगेत जाऊन उभा राहिलो. 'बुद्धं सरणं' म्हणताना तोंड हललं, आवाज निघाला नाही.

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. पण हे माझ्यावर झालेलं आहे. दुसऱ्यानं आपल्यावर केलेलं आज ना उद्या माणूस सांगतोच. मी काय केलं ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. आज मी बावन्न वर्षांचा आहे.

मी पेंटर झालो. बीडला दुकान टाकलं. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, जीपगाड्यांच्या मागं 'आईची कृपा'. हात बसलेला होता. अक्षराला शेड कशी द्यायची, चेहऱ्याचा गाल लाल आणि कानामागची सावली निळी कशी मारायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. दुकानाचं नाव ठेवलं 'रंगरेषा आर्ट्स'. बोर्डावर माझं नाव नाही, बापाचं नाही, आडनावही नाही. आडनाव वाचून गिऱ्हाईक पायरीवरून मागं फिरलेलं मी दुसऱ्यांच्या दुकानात बघितलं होतं. बाबासाहेबांचा फोटो होता. कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं. कपाट उघडलं की जयभीम, लावलं की धंदा.

पुढं फ्लेक्स आले. ब्रश डब्यात वाळले. मी कॉम्प्युटर शिकलो आणि वाढदिवसाचे बॅनर करायला लागलो. साहेबांचं डोकं केवढं, भैय्याचं केवढं, शुभेच्छुकांची डोकी लाडवाएवढी. डोकं बोटभर लहान झालं म्हणून दुकानात भांडणं झालेली आहेत. कोणाला मोठं करायचं, कोणाला कापायचं, ह्यावरच माझं पोट चाललं.

तात्यांचे बॅनर माझ्याकडंच व्हायचे. आबा गेलते. तात्या आता तात्यासाहेब. वर्षातून चार वेळा त्यांची माणसं यायची, कधी तात्या स्वतः. मला ते 'पेंटर' म्हणायचे. कुणाचा कोण हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मला ते सोयीचं होतं.

एक दिवस माझा बाप आणि माय दुकानात आले. माय बाहेर पायरीवर बसली. बाप आत आला, चपला दारात काढून, हातात शेंगांची पिशवी. नेमकी तात्यांची दोन माणसं बसलेली, बीडचीच, बापाला न ओळखणारी. त्यातल्या एकानं विचारलं, "कोण बाबा हे?"

मी म्हणालो, "गावाकडचे हायेत."

खोटं नव्हतं. गावाकडचेच होते. बापानं पिशवी टेबलाखाली ठेवली, भिंतीवरचे बॅनर बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "येतो साहेब." मला म्हणाला. साहेब. त्यानंतर तो दोन वर्षं जगला. दुकानात परत आला नाही.

गेल्या वर्षी यशराज आला. तात्यांचा मुलगा, आबांचा नातू. कॉलेजात माध्यमांचं काहीतरी शिकतो. बरोबर तबस्सुम नावाची त्याच्या वर्गातली मुलगी, खांद्याला कॅमेरा. तात्यांनी आबांची ती जुनी मोटार दुरुस्त करून घेतलती, नवा रंग, नव्या गाद्या, आणि ही पोरं तिच्यावर माहितीपट करत होती. नाव 'आबांची मोटार'. कॉलेजचं काम होतं, मार्क होते, पण पुढं मोठ्या महोत्सवात पाठवायचं मनात होतं.

पोरगा वाईट नव्हता. हे लिहिलं पाहिजे. चपला बाहेर काढून आला. काका म्हणाला. माझ्या कपातून चहा प्याला. त्याच्या आजोबाच्या अंगणात माझ्या बापाला चहा मिळायचा तो नारळाच्या करवंटीत. नातू माझा कप तोंडाला लावतो, एवढ्यावर मी विरघळलो. आपली किंमत आपण किती कमी लावलेली असते ते असं कळतं.

त्याला पोस्टर पाहिजे होते. जुन्या पिक्चरसारखे. म्हणाला, "काका, कॉम्प्युटरवर नुसती जुनेपणाची पिवळी पावडर मारतात. आम्हाला ब्रशचा मार दिसला पाहिजे. कुणीतरी सांगितलं, तुमचा हात होता."

होता. तो शब्द मला लागला. मी डबा काढला. वाळलेले ब्रश रॉकेलात टाकले. तीन दिवसांनी त्यातले पाच मऊ झाले. त्या वासानं मी वीस वर्षांनी तरुण झालो, हे कबूल करतो. तीन पोस्टर ठरले. दोन नुसते मोटारीचे. तिसरा मोठा, दहा फुटी, कापडावर, ऑइल रंगात. त्याचे फोटो काढून पोरं बाकीचे छापून घेणार होती.

मोठ्या पोस्टरवर आबांचं तोंड. अर्धा पोस्टर भरून. एक गाल शेंदरी, एक निळा. मी ते मन लावून काढलं. ज्या तोंडानं मला शर्ट काढायला सांगितलं त्या तोंडाच्या मिशीचा केस न् केस काढला. खाली धुळीच्या लोटातून मोटार अंगावर येतेय. वर तिरकी लाल अक्षरं, काळी शेड. यशराज बघून उड्या मारायचा बाकी होता.

मग त्यानं बोट ठेवलं. खालचा उजवा कोपरा रिकामा होता.

त्यानं मोबाईलवर एक तुकडा दाखवला. गावातले एक म्हातारे मुलाखत देताना सांगत होते, मोटार सकाळी गार पडलेली असायची, ढकलल्याशिवाय हलायची नाही. "ती पेट्रोलवर न्हाई, किसन्यावर चालायची." म्हातारे हसले. मुलाखत घेणारी पोरं हसली. यशराज दुकानात उभा राहून परत हसला.

मीही हसलो. हे खाडाखोड न करता लिहितो. मीही हसलो.

"काका, तिथं तो किसन्या टाका," यशराज म्हणाला. "जुन्या पोस्टरवर कोपऱ्यात कॉमेडियन असायचा ना, तसा. डोळे मोठे, दात बाहेर, मागून मोटार ढकलतोय."

मी विचारलं, "फोटो हाय का त्यांचा?"

"त्याचा कुठला फोटो असणार काका. तुमच्या मनानं काढा."

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. चार शब्दांचं. तो माझा बाप होता. पोरगा कदाचित लाजला असता, कदाचित माझे पाय धरले असते. मी ते बोललो नाही. समोर दहा फुटी कापड होतं, हातात ब्रश होता, आणि एवढ्या वर्षांनी कुणीतरी मला कलाकार म्हणत होतं. मी म्हणालो, "काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काढला. तबस्सुम माझ्या हाताचं चित्रीकरण करत होती. मी पाठीपासून सुरुवात केली. एका फटक्यात पाठ आली. उजवा पाय मातीत रुतलेला, डावा खांदा खाली, मान वळलेली, अंगठा जमिनीत रोवलेला. खोडरबर लागलं नाही. आयुष्यात एवढी बरोबर रेघ माझ्या हातून आली नव्हती. मग चेहरा. डोळे बटाट्यासारखे केले. दात बाहेर काढले. एक, दोन, तीन, चार. पांढऱ्या रंगावर चमक मारली.

तबस्सुम कॅमेऱ्यामागून म्हणाली, "काका, तुम्ही त्यांना खांद्यानं ढकलताना काढलंय."

मी हात थांबवला.

"पटक्याची घडी खांद्यावर, आणि खांद्यानं ढकलतायत. मुलाखतीत कुणीच असं सांगितलं नाही. तुम्हाला कसं माहीत?"

मला माहीत होतं. धुतलेल्या मोटारीवर बापाच्या तळहाताचे ठसे उमटलेले आबांना चालत नव्हते. म्हणून बाप पटका सोडायचा, त्याची घडी करून खांद्यावर ठेवायचा आणि खांद्यानं रेटायचा. उघड्या डोक्यानं. घरी आला की माय त्या खांद्याला तेल लावायची. गावानं मोटार हललेली बघितली. खांदा फक्त आमच्या घरानं बघितला. आणि मी तो विचार न करता काढून बसलो होतो.

मी म्हणालो, "अंदाज."

तिनं कॅमेरा बंद केला. पण माझ्याकडं बघत राहिली.

पोस्टर गाजला. आबांचं तोंड कुणी बघितलं नाही, सगळे कोपऱ्यावर खूश. बीडला लागले, चौसाळ्याला लागले, गावच्या फाट्यावर लागला. कुणीतरी तेवढा कोपरा कापून मोबाईलचं स्टिकर केलं, खाली लिहिलं, 'लाव किसन्या जोर'. कुणाचं काम अडलं की लोक एकमेकांना पाठवायचे. एका गिऱ्हाइकानं मलाही पाठवलं. त्याचा बॅनर राहिला होता म्हणून. मी त्याला अंगठा पाठवला.

त्याच आठवड्यात मायला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायला गावी गेलो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला ती आवाजावरून ओळखते. आम्ही फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभे. ती चालत पोस्टरजवळ गेली. अगदी नाक टेकेल एवढी जवळ. वाचता तिला येत नाही. हात फिरवत फिरवत कोपऱ्यापाशी आली, वाकली आणि थांबली. लई वेळ थांबली.

"ह्यो तर तुजा बा हाय."

मी तिची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"खांद्यावरली घडी बी हाय." तिनं तिथं बोट ठेवलं. मग बोट वर सरकवलं. "पाठ त्याचीच हाय. दात कुनाचे लावले?"

मी पुढं बघत होतो. रिक्षा आली, भरलेली होती, गेली.

कुणी काढलं असं तिनं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. त्या खांद्यावरच्या घडीची माहिती असलेली दोनच माणसं जिवंत होती आणि दोन्ही त्या फाट्यावर उभी होती.

डॉक्टरकडं जाऊन येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला घरी सोडलं आणि दुकानात येऊन कपाट उघडलं. दार उघडंच ठेवून बसलो.

पुढच्या रविवारी चौसाळ्याच्या एका मंगल कार्यालयात माहितीपट दाखवायचा होता. मोठा पोस्टर दारावर टांगलेला. माझा सत्कार ठेवलेला, शाल आणि नारळ. मी सकाळी दहालाच पोचलो. ब्रश, पांढऱ्या, तपकिरी आणि लाल रंगाचे डबे. मंडपवाल्याची शिडी घेतली, लावली, चढलो.

वाळलेला ऑइल रंग पुसत नाही. धूळ पुसता येते. रंगावर रंगच चढवावा लागतो. मी दातांवर तपकिरी चढवला. ओठ मिटवले. डोळे बारीक केले, जसे होते तसे. कपाळावर दोन आठ्या. खाली लाल रंगात, आबांच्या नावाला जेवढं अक्षर तेवढंच अक्षर घेऊन लिहायला लागलो. किसनराव.

खाली माणसं जमली. यशराज पळत आला. "काका, काय करताय? छापून झालंय सगळं."

"दुरुस्ती करतोय."

"अहो, आम्ही प्रेमानंच दाखवलंय त्यांना. लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडलेत."

मी शिडीवरूनच म्हणालो, "प्रेम तर तुजं आजोबावर बी हाय. त्यांचे दात कावून न्हाई काढायला लावले बाहेर?"

त्याचं तोंड उतरलं. मला त्याची दया आली. तरी हात चालू ठेवला.

तात्या गाडीतून उतरले. वर बघितलं, वाचलं. तसंच मोठ्यानं वाचलं, जसं अंगणात वाचलं होतं. "किसनराव. कोण किसनराव?"

"माझा बाप."

चार शब्दही लागले नाहीत. दोनच लागले. एवढी वर्षं दोन शब्द गिळून काढली.

तात्यांनी मला पहिल्यांदा नीट बघितलं. मग त्यांना हसू आलं, ओळख पटल्यासारखं. "आरं, तू किसन्याचा का? मग आधी बोलायचं की बे. उतर खाली. पोरांच्या कार्यक्रमात तमाशा नको." आणि बाजूच्या माणसाला म्हणाले, "पूस रे ते. वलंय तोवर."

तो माणूस फडकं घेऊन शिडीपाशी आला. गावातलाच, गरीब. मी त्याला ओळखत होतो.

मी खाली उतरलो आणि तात्यांच्या पुढं उभा राहिलो. "त्याला कावून सांगता? तुमी पुसा. शर्ट काढा अन् पुसा."



"कसला शर्ट?" तात्या म्हणाले.

त्यांना आठवत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, मी त्यांचे डोळे बघितले. मी ज्या दिवसावर उभं आयुष्य काढलं तो दिवस त्यांच्याकडं नव्हताच. आबांचा दसरा नेहमीसारखा झाला होता, मोटार नेहमीसारखी धुतली गेली होती. बस.

मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं. दसरा, धूळ, नाव, शर्ट. मधे दोनदा थांबलो. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं. एक म्हातारे म्हणाले, "व्हय, झालतं तसं." एवढं बोलून ते आत जाऊन पुढच्या रांगेत बसले.

दोघांनी पोस्टर उतरवला आणि भिंतीला तोंड करून ठेवला. ओला 'व' कुणाच्या तरी अंगठ्यानं फरफटला. माहितीपट झाला. मी बाहेर रस्त्यावर उभा होतो. आत 'किसन्यावर चालायची' आलं तेव्हा हसू बाहेरपर्यंत आलं. पहिल्यापेक्षा कमी. पण आलं.

तबस्सुम बाहेर आली. म्हणाली, "काका, हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगाल?" मी म्हणालो, सांगीन, पण आधी ते हसणारं वाक्य काढा. ती म्हणाली, ते माझ्या एकटीच्या हातात नाही. खरं बोलली. मला तेवढं पुरे होतं आणि पुरे नव्हतंही.

यशराजचा नंतर निरोप आला. माफी मागितलेली. खाली एक ओळ, 'पण काका, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं.' ती ओळ मला चटका देऊन गेली, कारण ती बरोबर आहे.

तात्यांचे बॅनर बंद झाले. त्यांच्या मागं आणखी काहींचे. आपल्याच काही लोकांनीही समजावलं, पोरं होती, शिकलेली होती, कप तोंडाला लावत होती, सोडून द्यायचं. मी त्यांना दोष देत नाही. मी तेच करत आलोय.

मायला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पाठीवरून हात फिरवेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "तू दुकानात गावाकडचे म्हनलास तवा मी पायरीवर हुते. तुजा बा वाटंत म्हनला, पोराला आपल्यामुळं खाली बघाया लागू ने. म्हनून परत आला न्हाई." मग उठून आत गेली.

म्हणजे तिला माहीत होतं. एवढी वर्षं.

तिच्या फाट्यावरच्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर सापडलं. दात कुणाचे लावले? त्या दसऱ्याला ओट्यावर जे पोटं धरून हसले त्यांचे. माझा बाप त्या दिवशी हसला नव्हता. मी त्यांचे दात उचलले आणि त्याच्या तोंडात बसवले. त्यात माझेही आहेत. दुकानात मोबाईल बघून मीही हसलो होतो.

बोर्ड उतरवलाय. नव्या बोर्डावर माझं नाव, मधे बापाचं नाव, पुढं आडनाव, तिन्ही एका मापाची. फोटो कपाटातून काढून दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. हे काही मोठं नाही, हे आधीच करायचं होतं. त्यानं फिटत नाही.

फाट्यावरचा पोस्टर अजून तिथंच आहे. चौसाळ्यात दोन आहेत, बीडमध्ये बस स्टँडच्या मागच्या भिंतीला एक. मोबाईलमधले किती ते मोजता येणार नाहीत, तिथं माझा ब्रश पोचत नाही. भिंतीवर पोचतो. मी यादी केलीय. सोमवारी फाट्यापासून सुरू करणार. दिवसा जाणार, माणसं असताना जाणार, शिडी लावून जाणार. प्रत्येक तोंडातले दात मी काढणार, कारण बसवले मी. खाली नाव लिहिणार. कुणी पुसलं तर वाळायच्या आत परत लिहिणार. विचारलं कोण लागतो तुमचा, तर ह्या वेळी गाव सांगणार नाही.

मायला शिडी धरायला बोलावलंय. ती येईल की नाही, सांगितलं नाही तिनं. नाही आली तरी मी चढणार आहे.